धाकटीचं ॲव्हरेज

"लिटरला सहा? दाजी, ही गाडी नाही, हे व्यसन आहे," असं मेहुणा रविवारच्या चहाला म्हणाला आणि सरांच्या हातातलं बिस्कीट कपात पडलं.

बिस्कीट पडलं ते पडलं. पण चमच्याने त्याचे अवशेष वर काढताना माणसाचं आपल्या जिभेवर लक्ष राहत नाही. सर बोलून गेले, "आठ दिवसांत हिचं दुखणं मी शोधून काढतो. लिटरला दहा दिले नाहीत तर बोल!"

सर शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांचा दरारा असा, की त्यांच्या सासूबाईसुद्धा त्यांना 'सर'च म्हणायच्या. पण हा दरारा फळ्यापुरता होता. घरातला बल्ब बदलायचा झाला तर सर स्टूल धरायचे आणि त्यांची बायको वर चढायची. स्टूल कसं धरावं याबद्दल मात्र त्यांचे विचार पक्के होते.

दुखणं होतं ते सासरेबुवांच्या नर्सरीतल्या पिकअपला. बावीस वर्षांची ही गाडी कुंड्या आणि रोपं पोचवून पोचवून रंगाने नेमकी कोणती होती हे विसरली होती. सासरेबुवा तिला 'धाकटी' म्हणत. थोरली म्हणजे सरांची बायको, मधला मेहुणा, आणि त्याच्यानंतर घरात आली ती ही. आपल्यानंतर आलेलं लाडकं अपत्य डिझेलवर चालतं, ही गोष्ट मेहुण्याला लहानपणापासून खुपत होती. आता तो नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होता, त्यामुळे चार वर्षांपुढची कुठलीही गाडी दिसली की तो आवाज खाली आणून, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा बोलायचा.

"दहा दिले ना," मेहुणा म्हणाला, "तर मी मागे हौद्यात कुंड्यांमध्ये बसून माझ्या शोरूमच्या दारापर्यंत येईन. आणि नाही दिले, तर येत्या रविवारी संध्याकाळी भंगारवाला येतोय. मी बोलून ठेवलंय."

सासरेबुवांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या मागे, आत सरकवली. सरांनी ते पाहिलं. आपण गमतीत एक आकडा फेकलाय आणि म्हाताऱ्याने तो खरा धरलाय, हे त्यांना कळून चुकलं.

नर्सरी आता सरांची बायको चालवायची. तिने निकाल दिला. "रविवारपर्यंत. त्यानंतर मला गाडी हवी, संशोधन नको. आणि अहो, कपातलं ते खाऊन टाका, बघवत नाही."

आता, गणिताचा माणूस कुठल्याही संकटात पहिली गोष्ट करतो ती म्हणजे वहीला कव्हर घालतो. सरांनी वहीवर 'धाकटी : कारणमीमांसा' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोकडच्या दुसऱ्या किल्लीने गाडी काढून मेकॅनिकचं गॅरेज गाठलं.

मेकॅनिक पाठीच्या दुखण्यामुळे गाडीखाली शिरत नसे. तो गाडी कानाने तपासायचा. डोळे मिटून, बॉनेटवर हात ठेवून त्याने बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "श्वास कोंडलाय." एअर फिल्टर काढला तर त्यातून ओंजळभर नारळाचा भुसा निघाला, वर एक झेंडूचं बी. फिल्टर बदलला. जाता जाता मेकॅनिक मागे बघून म्हणाला, "स्प्रिंगचे पाटे बसलेत हिचे. मागून खाली गेलीय."

"का बरं?"

"वय, सर. वय झालं की मागून बसतात. तुम्हीही बसाल."

सरांनी वहीत लिहिलं: 'पाटे – वय.' पुढे ज्याच्यावरून सगळं उलगडायचं, ते वाक्य त्यांनी असं दोन शब्दांत गुंडाळून ठेवलं आणि वर अधोरेखित करायलाही विसरले. नव्या फिल्टरवर गाडीने सहा पूर्णांक दोन दशांश दिले.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. माणसाला ताप आला तर शेजारी दोन दिवस थांबतात. गाडीला ॲव्हरेज नसेल तर कुणी थांबत नाही. पंक्चरवाला म्हणाला, हवा. सरांनी हवा भरली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई क्लिनिकमधून छोटा आरसा आणि टॉर्च घेऊनच खाली आल्या, उकिडव्या बसल्या आणि सायलेन्सरमध्ये आरसा घालून त्यांनी गाडीला सवयीने "मोठ्ठा आ" असं सांगितलं.

"कीड नाहीये," त्या म्हणाल्या, "पण स्वच्छता अजिबात नाही. शेवटचं क्लीनिंग कधी केलं होतं?"

"माहीत नाही," सर ओशाळून म्हणाले. दर सहा महिन्यांनी त्यांना हाच प्रश्न त्याच बाई विचारायच्या आणि तेव्हाही ते हेच उत्तर द्यायचे.

पण खरा घोळ घातला तो वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी. आयुष्यभर इतरांची पत्रं वेळेवर पोचवल्यामुळे आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा त्यांचा समज होता. "दोष गाडीत नाही, पायात आहे," ते म्हणाले. "डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवा. थेंब न सांडता चालवा. डिझेल आपोआप वाचतं. आमची टपालगाडी मी अशीच चालवून घ्यायचो."

"आणि वाचायचं?"

"ड्रायव्हर सोडून गेला. पण डिझेल वाचायचं."

बुधवारी सकाळी सर पेला ठेवून शाळेला निघाले. ताशी पंधराच्या वेगाने जाणाऱ्या पिकअपला जगात कुणीही गंभीरपणे घेत नाही. मागे वाहनांची रांग लागली. एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन हळहळत विचारलं, "काका, शेवटची फेरी का हिची?" एक सायकलवाल्या आजी त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि वळून, धीर द्यावा तसा हात हलवून दिसेनाशा झाल्या. सरांनी नजर पेल्यावरून हलू दिली नाही. शाळेच्या फाटकापर्यंत एक थेंबही सांडला नव्हता. फाटकातला गतिरोधक त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. पण पेल्याकडे बघणाऱ्या माणसाला गतिरोधक दिसत नाही. पेला उडाला आणि सबंध त्यांच्या मांडीवर रिकामा झाला.

त्या अवस्थेत, पुढ्यात हजेरीपट धरून, सर आठवी ब च्या वर्गात शिरले. वर्ग एखाद्या समाधीसारखा शांत होता. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं:

'एक गाडी ताशी १५ किमी वेगाने जाते. मागून एक आजी सायकलवरून ताशी १८ किमी वेगाने येतात. आजी गाडीच्या ३०० मीटर मागे असतील, तर त्या सरांना किती मिनिटांत गाठतील?'

सरांनी खडू उचलला. पायऱ्या लिहिल्या. 'सहा मिनिटे' असं उत्तर काढून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "वेगातला फरक बरोबर घेतलाय. पण 'सरांना' नाही, 'गाडीला' लिहायचं. गणितात व्यक्ती आणायची नाही." इज्जतीचे बारा वाजले तरी पायऱ्यांचे गुण सोडायचे नाहीत, हे त्यांचं तत्त्व होतं. त्या दिवसाचं ॲव्हरेज निघालं पाच पूर्णांक नऊ.

आता एकच संशयित उरला. पंप. सरांना रात्रभर झोप नाही आली ती आनंदाने. गाडी निर्दोष, सासरे निर्दोष, पाय निर्दोष. पंपावर माप कमी मिळतं! गुरुवारी त्यांनी पंपावर जाऊन दुधाच्या मापाने डिझेल मोजून मागितलं. पंपवाला म्हणाला, "सर, तक्रार असेल तर वजनमापे कार्यालयात करा. आणि ते माप परत घरी वापरू नका."

शुक्रवारी सर अर्धी रजा टाकून वजनमापे कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने तक्रारीचा अर्ज तीन प्रतींत दिला आणि भरून घेतल्यावर तो असा वाचला, जसा एखादा वाचक शेवट आधीच माहीत असलेली रहस्यकथा वाचतो.

"रकाना चौदा मोकळा आहे."

"वाहनाचं रिकामं वजन? अहो, तक्रार पंपाची आहे. गाडीच्या वजनाचा काय संबंध?"

"ते मला कसं माहीत असणार? मी इथे तेरा वर्षं आहे. रकाना त्याच्या आधीपासून आहे."

"आरसी बुकात आहे की. बाराशे पन्नास किलो. लिहितो."

"लिहून नाही चालत. वजनकाट्याची पावती जोडा. मूळ प्रत. पावती नसेल तर अर्ज अपूर्ण, अर्ज अपूर्ण असेल तर पंप बरोबर." आणि त्याने खिडकी लावून घेतली. घड्याळात जेवायची सुट्टी व्हायला अजून चार मिनिटं होती. सरांनी ती नोंदही वहीत केली.

संध्याकाळी नर्सरीत मेहुणा आलाच होता. "काय दाजी, कुठवर आलं? भंगारवाला विचारत होता, गाडी चालत नेऊ की उचलून?"

सासरेबुवा धाकटीची काच पुसत होते. ती काच गेला तासभर स्वच्छच होती. मेहुणा गेल्यावर ते हळूच म्हणाले, "नसेल सापडत तर राहू द्या, सर. तुम्ही केलंत एवढं पुष्कळ झालं."

शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या, असं सरांना वाटलं. ते घरी गेले आणि नऊलाच झोपले.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी गावाबाहेरचा वजनकाटा गाठला. हा काटा म्हणजे जमिनीत बसवलेली लोखंडी पत्र्याची प्रचंड फळी, आणि बाजूच्या खोलीत बसलेला काटेवाला. त्याच्या हातात ध्वनिक्षेपक होता आणि आयुष्यात दुसरा आनंद नव्हता. सरांच्या मागे खडीचे सात ट्रक उभे होते.

"पिकअप, अठराशे साठ!" काटेवाला ध्वनिक्षेपकातून गरजला. "ड्रायव्हर आत बसलाय, खाली उतरा!"

सर उतरले.

"सतराशे सत्तर! म्हणजे ड्रायव्हर नव्वद!"

सातही ट्रकमधून माना बाहेर आल्या. घरी बायकोला सरांनी आपलं वजन चौऱ्याहत्तर सांगितलं होतं. "काटा दहाच्या पटीतच दाखवतो ना?" ते खिडकीशी जाऊन म्हणाले.

"हो. पण तो दोन्ही वेळा दहाच्या पटीतच दाखवतो," काटेवाला म्हणाला. "आता गाडी रिकामी करून आणा, म्हणजे पावती देतो."

"रिकामीच आहे."

"साहेब, तुम्ही दाखवलेल्या आरसी बुकात बाराशे पन्नास आहे. काट्यावर सतराशे सत्तर आहे. मध्ये पाचशे वीस किलो आहेत. ते काय आहेत?"

सरांनी हौद्यात पाहिलं. हौदा चक्क रिकामा. नुसत्या लाकडी फळ्या. त्यांनी स्टेपनी उतरवली. जॅक, पाना, दोरखंड उतरवला. सीटमागचे आठवी ब चे सहामाहीचे पेपर उतरवले.

"सतराशे चाळीस! पेपर कठीण होते वाटतं!"

तरी चारशे नव्वद किलो उरलेच. ट्रकवाले आता खाली उतरून मदतीला आले होते. एक म्हणाला, पाप असेल. दुसरा म्हणाला, पापाला वजन नसतं, कर्जाला असतं. सर ऐकत नव्हते. ते वाकून बघत होते. हौद्याच्या मागच्या कडेतून चहासारखं तपकिरी पाणी थेंब थेंब काट्यावर पडत होतं. आणि मग त्या फटीतून, अगदी सावकाश, कुणाला घाई नाही अशा थाटात एक जाडजूड गांडूळ बाहेर आलं आणि टपकन पत्र्यावर पडलं.

काट्याने त्याची दखल घेतली नाही. सरांनी घेतली. ते भर रस्त्यात ओरडले, "पाटे! वय नव्हे, वजन!"

नर्सरीत गाडी थांबायच्या आतच सरांनी दार उघडलं. "बाबा, ह्या फळ्यांखाली काय आहे?"

"काही नाही. पोकळी," सासरेबुवा अभिमानाने म्हणाले. "चौदा वर्षांपूर्वी मीच बसवल्या फळ्या. खाली चार बोटं मोकळी सोडली, कुंड्यांचं पाणी वाहून जावं म्हणून. माझी स्वतःची युक्ती."

"आणि कुंड्यांना गाडीत पाणी कोण घालतं?"

"मी घालते," सासूबाई झारी घेऊनच उभ्या होत्या. "रोज संध्याकाळी गाडी भरली की घालते. रोपाला तहानलेलं प्रवासाला पाठवू नये, सर. पोचतं ते रुसूनच पोचतं."

सरांनी पाना मागितला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच येत होता. पहिला बोल्ट पिळताना त्यांनी उलटा पिळला, दुसरा सुलटा, आणि तिसऱ्याला सराईतासारखी फुंकरही मारली. फळी उचलली.

खाली पोकळी नव्हती. खाली शेत होतं. चौदा वर्षं, रोज, प्रत्येक कुंडीतून झिरपलेली चिमूट चिमूट माती फळ्यांच्या फटींतून खाली साठली होती. पाणी जायची भोकं पहिल्याच वर्षी बुजली असणार. माती काळीभोर, ओली, गच्च, आणि तिच्यात गांडुळांच्या कित्येक पिढ्या सुखाने फिरस्तीवर होत्या. एका कोपऱ्यात पांढुरक्या कोंबांनी झेंडू उगवायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. धाकटी इतकी वर्षं नर्सरीची रोपं पोचवत नव्हती. ती अख्खी नर्सरीच पोचवत होती आणि रोज संध्याकाळी परत आणत होती.

बातमी ऐकून आलेले पोस्टमास्तर म्हणाले, "मी म्हणालोच होतो, पाण्याचा काहीतरी संबंध आहे."

फावडी चालली. सरांच्या बायकोने मूठभर माती उचलली, चुरली, हुंगली आणि तिचा चेहरा असा झाला, जसा तो लग्नातसुद्धा झाला नव्हता. "अहो," ती म्हणाली, "अशी माती करायची म्हटली तरी होत नाही हो! सगळी पोत्यात भरा. एक ढेकूळ फेकायचं नाही." मग सरांकडे वळून, हळू आवाजात, "हुशार आहात."

या वाक्यासाठी सर अकरा वर्षं थांबले होते. त्यांनी वहीत वेळ लिहून ठेवली.

मातीतून तीन खुरपी निघाली, सासरेबुवांचा एक चष्मा निघाला, आणि शेवटच्या कोपऱ्यातून गंजलेली एक मोठी छाटणीची कात्री निघाली. ती बघताच फावडं धरून उभा असलेला मेहुणा जागच्या जागी थिजला. तो आला होता मजा बघायला, आणि अर्ध्या तासापासून घामाघूम होऊन खोदत होता.

"बाबा," तो म्हणाला, "ही ती कात्री."

सगळ्यांना आठवलं. मेहुणा कॉलेजात असताना ही कात्री हरवली होती. "तुला साधी कात्री सांभाळता येत नाही, नर्सरी काय सांभाळणार?" असं सासरेबुवा दहा गिऱ्हाइकांदेखत म्हणाले होते. त्यानंतर तो नर्सरीत कामाला आलाच नाही. शोरूममध्ये गेला.

सासरेबुवांनी कात्री हातात घेतली. धोतराच्या सोग्याने पुसली. दोनदा उघडून मिटली. "माझ्या युक्तीने खाल्ली रे," ते म्हणाले. "तुझी चूक नव्हती." आणि कात्री त्याच्या हातात दिली.

"बघा हं," मेहुणा नाक ओढत म्हणाला, "तरी पैज पैजेच्या जागी."

हौदा रिकामा होताच गाडी मागून वीतभर वर उचलली गेली. मेकॅनिक आला, त्याने डोळे मिटून ऐकलं आणि मग, पाठ विसरून, चक्क गाडीखाली शिरला. "अहो, हँडब्रेकची तार!" तो खालून ओरडला. "मागचा भाग बसल्यामुळे ताणली गेली होती. गाडी इतकी वर्षं ब्रेक लावून पळत होती!" त्याला बाहेर काढायला चौघे लागले, पण तार नीट झाली.

रविवारी सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली. पंच म्हणून पोस्टमास्तर पुढे बसले, विनापेला. बरोब्बर शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी त्याच पंपावर, त्याच नळीखाली आणली. दहा लिटरच्या आत टाकी पुन्हा भरली तर जिंकलो. सासरेबुवा यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. आकडे फिरू लागले. आठ. साडेआठ. नऊ. सरांनी डोळे मिटले. नऊ पूर्णांक दोन. खट्कन नळी बंद झाली.

"झाली?" सासरेबुवांनी वळून न बघता विचारलं.

"फुल्ल," पंपवाला म्हणाला. "आणि सर, माप आमचं बरोबर आहे ना?"

"माप बरोबर आहे," सर म्हणाले. "लिटरला दहा पूर्णांक शहाऐंशी शतांश. दशांशचिन्हानंतर पुढेही आहे, पण मोठ्या मनाने सोडतो." सासरेबुवांनी खिशातली किल्ली काढली. स्वतःच्या नव्हे, सरांच्या वरच्या खिशात घातली.

सोमवारी सकाळी शाळेआधी मेहुणा ठरल्याप्रमाणे हौद्यात चढला. चौदा कुंड्यांच्या मध्ये, मांडीवर एक नेचाची कुंडी, हातात कात्री. भंगारवालाही बघायला आला होता. सर गाडी सुरू करणार तेवढ्यात "थांबा!" अशी हाक आली. सासूबाई झारी घेऊन येत होत्या. त्यांनी एकेका कुंडीला मन लावून पाणी घातलं, आणि मेहुण्यापाशी पोचल्यावर क्षणभरही न थांबता त्यालाही घातलं.

"आई!"

"गप बस. प्रवासाला निघालायस ना?"

शोरूमच्या काचेमागे सगळे जण हातातली कामं टाकून बघत होते. निथळता मेहुणा राजासारखा खाली उतरला, त्याने धाकटीच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि कात्री खांद्यावर टाकून आत गेला.

त्या दिवशी आठवी ब च्या फळ्यावर सरांनी स्वतःच्या हाताने गणित लिहिलं:

'एका पिकअपमध्ये १४ कुंड्या व १ मेहुणा आहे. प्रत्येक कुंडीचे वजन ८ किलो. तर गाडीवरील एकूण भार काढा.'

बराच वेळ वर्गात पेन्सिलींचा आवाज होता. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, मेहुण्याचं वजन किती धरायचं?"

सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि विचारलं, "ओला की कोरडा?"